रसाचें यंत्र आणि आमचे दांत

सोलापूरचा उन्हाळा ज्यानें अंगावर काढला नाहीं, त्यास रसाची खरी योग्यता कळणें कठीण. वैशाखांत पारा चाळिशी ओलांडून पुढें सरकूं लागला, भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसेनासें झालें, कीं नवी पेठेकडून घरीं परतणाऱ्या माणसास दुरूनच घुंगरांचा आवाज ऐकूं येतो आणि पाय आपोआप त्या दिशेस वळतात. हे घुंगूर मूळचे चरकास जुंपलेल्या बैलाच्या गळ्यांतले. बैल गेला, त्याच्या जागीं विजेची मोटार आली, तरी रसवंतीवाल्यांनीं घुंगूर टाकले नाहींत. ते यंत्राच्या चाकास बांधले. ग्राहकाच्या कानास लागलेली संवय मोडूं नये हा व्यापारी शहाणपणा त्यांत आहेच, परंतु आम्हांस त्यांत बैलाविषयींची थोडी कृतज्ञताहि दिसते.

आज मात्र आम्हांस लिहावयाचें आहे तें रस्त्यावरील चरकाविषयीं नव्हे, तर आमच्या स्वयंपाकघरांत येऊन बसलेल्या एका निराळ्या चरकाविषयीं. गेल्या दसऱ्यास आमच्या सूनबाईंनीं तो आपल्या पगारांतून घरीं आणिला. इंग्रजींत त्यास स्लो ज्यूसर म्हणतात; आम्ही त्यास मंदगति रसयंत्र म्हणूं. किंमत विचारली तेव्हां "बाबा, ती नका विचारूं" असें उत्तर मिळालें. पुढें खोक्यावरील आंकडा वाचला, तो सोळा हजारांच्या घरांत होता. शिक्षकाच्या नोकरींत पहिल्या वर्षीं आम्हांस मिळालेला सगळा पगार याच्या निम्माहि नव्हता, हें आम्हीं बोलून दाखविलें, आणि तें बोलावयास नको होतें हें सूनबाईंच्या चेहऱ्यावरून तत्काळ कळलें.

यंत्राची रचना साधी आहे. माथ्यावरील नळींतून फळाच्या फोडी आंत सोडावयाच्या. आंत मळसूत्राच्या घाटाचा एक जाड दांडा उभा फिरत असतो. त्याचे फेरे मिनिटास साधारण ४० ते ८०, म्हणजे रहाटाच्या चाकाहून फारसे अधिक नव्हेत. फोड या मळसूत्राच्या व जाळीदार गाळणीच्या मध्यें सांपडते, हळूं हळूं चेपली जाते, आणि एका तोंडानें रस व दुसऱ्या तोंडानें चोथा बाहेर पडतो. नेहमींच्या ज्यूसरची रीत अगदीं उलट. त्याचें पातें मिनिटास दहा हजारांहूनहि अधिक वेळां फिरतें, फळाचा कीस करतें, आणि भोवऱ्यासारख्या गरगर फिरणाऱ्या जाळींतून रस बाहेर भिरकावतें. त्या गडबडींत रसांत हवा फार मिसळते, वर फेंस येतो, आणि सफरचंदाचा रस असेल तर तो पाहतां पाहतां तांबूस पडतो. मंदगति यंत्राचा रस दाट असतो, फेंस थोडा, चोथा कोरडा. आवाज तर इतका कमी कीं शेजारच्या खोलींत पूजा चालली असतां मंत्र चुकत नाहीं.

कच्च्या रसाचें हें वेड मुळांत अमेरिकेंतलें. नॉर्मन वॉकर नांवाच्या गृहस्थांनीं १९३० नंतरच्या दशकांत भाज्यांच्या व फळांच्या रसाचा मोठा प्रचार केला, पुस्तक लिहिलें, आणि दाबून रस काढणारें आपलें यंत्रहि विकलें. उभ्या धाटणीचीं मंदगति यंत्रें घराघरांत पोहोंचविलीं तीं मात्र दक्षिण कोरियांतील कारखानदारांनीं, आणि तींहि चालू शतकांत.

या यंत्रास इंग्रजींत 'चर्वण करणारें' अशा अर्थाचें आणखी एक नांव आहे. तें कानावर पडलें आणि आम्हांस जुन्या पोथीची आठवण झाली. मराठींत उंसाच्या घाण्यास चरक म्हणतात, आणि आयुर्वेदाच्या आचार्यांचें नांवहि चरक. शाळेंत मुलें या दोहोंची गल्लत करीत तेव्हां आम्ही हंसत असूं. परंतु या एका ठिकाणीं दोन्ही चरकांची खरोखरच गांठ पडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २७ व्या अध्यायांत, उंसाच्या रसाचे दोन प्रकार वेगळे धरिले आहेत. दांतांनीं चावून खाल्लेल्या उंसाचा रस शीत, स्निग्ध व शरीर पुष्ट करणारा. यंत्रांत पिळलेला मात्र दाह करणारा. ऊंस तोच, शेत तेंच, मग गुणांत हा भेद कां? वाग्भटानें अष्टांगहृदयांत त्याचें उत्तर दिलें आहे. यंत्रांत बुंधा, शेंडा, किडीनें खाल्लेलें कांडें हीं सगळीं एकत्र चिरडलीं जातात. त्यांत मळ मिसळतो. आणि निघालेला रस कांहीं वेळ तसाच राहतो. म्हणून तो विकार पावतो.

दांतांच्या बाबतींत यांतलें एकहि होत नाहीं. किडकें पेर जिभेस लगेच कळतें व थुंकलें जातें. दांतांनीं काढलेला रस उद्यांसाठीं ठेवतां येत नाहीं, तो त्याच क्षणीं पोटांत जातो. आणि चवथें एक कारण आहे, तें वाग्भटानें लिहिलेलें नाहीं, आम्हीं आमच्या पदरचें घालीत आहों: दोन कांडीं चावून झालीं कीं जबडा दुखूं लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. यंत्रास जबडा नाहीं.

चरकसंहितेच्याच चवथ्या अध्यायांत औषधाच्या पांच कल्पना सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ताजी वनस्पति पिळून काढलेला स्वरस त्यांत सर्वांत बलवान. परंतु लगेच पुढें इशाराहि आहे, कीं रोगाचें व रोग्याचें बल पाहून यांची योजना करावी. सर्व कल्पना सर्वत्र उपयोगी पडत नाहींत. शार्ङ्गधरानें तर स्वरस जड म्हणून त्याचें मान अर्धा पल इतकेंच ठेविलें आहे, म्हणजे जुन्या वजनानें दोन तोळे. हें मान औषधी वनस्पतीचें, फळांच्या रसाचें नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी आपण हल्लीं ज्या पेल्यानें रस पितों त्यांत सोळा-सतरा तोळे रस मावतो, एवढें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हें सारें आम्हांस पाठ होतें. पाठ असणें आणि पाळणें यांत अंतर किती, तें आतां सांगतों.

आमचा जिल्हा डाळिंबांचा. सांगोलें, पंढरपूर, मंगळवेढें या कोरडवाहू तालुक्यांत जेथें दुसरें फळझाड तग धरीना, तेथें डाळिंबानें शेतकऱ्यांचीं घरें उभीं केलीं. तेल्या रोगानें त्यांतलीं कित्येक पुन्हां बसविलींहि. केगांव येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें, आणि 'सोलापूर डाळिंब' या नांवास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुण्याच्या गणेशखिंडींत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं निवडलेली 'गणेश' ही जात आमच्या लहानपणीं घरोघरीं असे. हल्लीं बाजारांत पाहावें तिकडे 'भगवा'. केगांवच्या केंद्रानें काढलेल्या 'सोलापूर लाल' या जातींत लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक असतें.

डाळिंब सोलणें हें धीराचें काम. आमची आजी पाटावर बसून, मांडीवर जुनें लुगडें पसरून, डाळिंब सोलीत असे. नवें लुगडें नव्हे, कारण डाग पडला तर तो जन्माचा; याच सालीचा रंगाऱ्यांनीं रंगासाठीं उपयोग केला आहे. एक फळ सोलून वाटींत येईपर्यंत आम्हां भावंडांची जीभ सुकून जाई, आणि प्रत्येकाच्या वांट्यास मूठभर दाणे येत. यंत्र आल्यापासून आमच्या घरीं तीन डाळिंबांचा रस पांच मिनिटांत निघूं लागला. मिक्सरमध्यें दाणे फार फिरविले तर बिया चिरडून रसास तुरटपणा येतो. येथें बिया बऱ्याचशा चोथ्याबरोबर बाहेर पडतात आणि रस माणकासारखा निघतो. तो रंग पाहूनच आमचा मोह बळावला.

आम्हांस नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा, गणेशचतुर्थीस मोदक अर्धा, असा आमचा नेम. तथापि दसऱ्यापासून आम्ही रोज सकाळीं संध्या आटोपल्यावर पेलाभर रस घेऊं लागलों; बहुधा डाळिंबाचा, कधीं मोसंबीचा. वरून साखर घालीत नाहीं, हें आमचें समर्थन. सौभाग्यवतींनीं एकदोनदां टोकलें, तेव्हां गोड डाळिंब तिन्ही दोषांचें शमन करतें असें निघंटूंत आहे, हें आम्हीं त्यांस ऐकविलें. संस्कृताचा आधार पुढें केला कीं घरांतला वाद मिटतो, हा आमचा जुना अनुभव. तळपायांस मुंग्या येत होत्या. त्याचा दोष आम्ही थंडीस देत होतों.

मार्गशीर्षांत रक्त तपासलें. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा जो आंकडा पूर्वीं ७ च्या आसपास असे, तो ८.४ झाला होता. डॉक्टरांनीं कागद पाहून विचारलें, "मास्तर, नवीन काय सुरू केलेंत?" आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. ते म्हणाले, "एका बैठकीस तीन डाळिंबें सोलून खाल का?"

"छे! जबडा राहील का?"

"मग तीन पितां कशीं?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमच्या वडील बंधूंचा पाय याच रोगापायीं घोट्यापासून काढावा लागला होता. ते शेवटचीं चार वर्षें गॅलरींतल्या खुर्चींत बसून असत, आणि त्यांची एकच चप्पल दाराशीं पडलेली असे. डॉक्टरांच्या खोलींतून बाहेर येतांना आमच्या डोळ्यांपुढें ती चप्पल होती.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. पांचवींतल्या मुलानेंहि करावा. डाळिंबाच्या १०० मिलिलिटर रसांत साखर सुमारें १२ ते १३ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यांत २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं त्यांत फळांच्या रसांतील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीस बसविली आहे, आणि ती दिवसाच्या एकंदर ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आंत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आंत ठेवावी असें सांगितलें आहे. २००० कॅलरींच्या आहारास हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आमचा सकाळचा एक पेला हीच संपूर्ण दिवसाची मर्यादा होती. सबंध फळांतील साखर मात्र या हिशेबांत धरीत नाहींत, कारण ती पेशींच्या भिंतींत कोंडलेली असते, तंतूंच्या संगतीनें सावकाश सुटते. यंत्र मंद असो वा जलद, त्या भिंती मोडणें हेंच त्याचें काम. फळ पिळणें मंद झालें म्हणून साखरेचें रक्तांत जाणें मंद होत नाहीं. 'मंदगति' या शब्दानें आम्हांस फसविलें तें येथें.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत सुमारें १ लाख ८७ हजार लोकांची अनेक वर्षें नोंद ठेविली होती. सबंध फळें, विशेषतः द्राक्षें, सफरचंदें व ब्लूबेरी, खाणाऱ्यांत मधुमेहाचें प्रमाण कमी आढळलें; फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत तें जास्त आढळलें. आपल्याकडील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांतहि रसापेक्षां सबंध फळ बरें असेंच म्हटलें आहे, आणि उंसाच्या १०० मिलिलिटर रसांत १३ ते १५ ग्रॅम साखर असते म्हणून तो बेतानें घ्यावा असें सांगितलें आहे. ज्या देशांत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेथें ही सूचना रसवंतीच्या दारावर लावावी अशी आहे. पण घुंगरांपुढें ती वाचणार कोण?

यंत्राबरोबर आलेल्या पत्रकांतहि बरेंच कांहीं लिहिलें होतें. मंद गतीमुळें रस तापत नाहीं, म्हणून त्यांतील 'जिवंत पाचक द्रव्यें' शाबूत राहतात व शरीरास मिळतात, असा एक दावा. आमच्या चिरंजीवांनीं रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविली आहे. ते म्हणाले, तीं द्रव्यें म्हणजे प्रथिनें, आणि प्रथिनांचें पोटांत जें होतें तेंच त्यांचें होणार. जलद यंत्रांतहि अर्ध्या मिनिटांत रस तापून तापणार किती? हवा कमी मिसळते, रंग व स्वाद अधिक वेळ टिकतात, चोथ्यांत रस कमी वाया जातो: एवढा लाभ खरा. तोहि थोडा नव्हे. पण त्यासाठीं अमृताचें नांव घेण्याचें कारण नाहीं.

डॉक्टरांकडून आलों त्या संध्याकाळीं आमचा संताप यंत्रावर निघाला. तें कोणास तरी देऊन टाका, नाहींतर माळ्यावर ठेवा, असें आम्हीं फर्मावलें. सूनबाई कणीक मळीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "बाबा, मीं तें तुमच्यासाठीं आणलेंच नव्हतें. अक्कांसाठीं आणलें होतें."

अक्का म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी. वय ८४. दांत सगळे गेलेले. कवळी केली, पण ती हिरड्यांस टोचते म्हणून वाटींतल्या पाण्यांत पडून असते. पांच-सहा वर्षें दूधभात, मऊ खिचडी व पातळ आमटी यांवरच त्यांचें चाललें होतें. वजन उतरत होतें. फळ म्हणून केळें, तेवढें कुसकरून. घरांत डाळिंबें येत, सोललीं जात, आणि अक्का "मला नको रे, तुम्ही खा" म्हणत. आम्ही तें खरें धरीत होतों! त्यांस मधुमेह नाहीं. चर्वण करणाऱ्या यंत्राची गरज घरांत ज्यांस होती त्यांस तें मिळालें पेल्याच्या तळाशीं उरलेलें, आणि ज्यांस अजून बत्तीसपैकीं सव्वीस दांत आहेत ते रोज पेला भरून घेत होते. रोग्याचें बल पाहून योजना करावी, हें वचन आम्हीं शाळेंत किती वेळां समजावून दिलें असेल!

तेव्हांपासून आमच्या घरचा क्रम बदलला आहे. डॉक्टरांस विचारून अक्कांस रोज सकाळीं अर्धी वाटी रस देतात. एक दिवस डाळिंब, एक दिवस गाजर व थोडें बीट, मोसंबी असेल तेव्हां मोसंबी. रस गाळीत नाहींत. उलट गाजराचा एक चमचा चोथा त्यांतच परत कालवितात, म्हणजे तंतूहि थोडे जातात. फळ आधीं नीट धुवून, किडकें-डागाळलेलें काढून, डाळिंबाचा पांढरा पापुद्रा निवडून, मगच यंत्रांत. रस निघाला कीं लगेच प्यावयाचा. फ्रिजमध्यें ठेवून संध्याकाळीं घेऊं, ही भाषा नाहीं. वाग्भटाचीं तिन्ही कारणें अशा रीतीनें टळतात असें आम्हीं सूनबाईंस सांगितलें. त्या म्हणाल्या, हें सगळें पत्रकांतहि आहे.

गाजर-बीटाचा उरलेला चोथा थालीपिठांत जातो. डाळिंबाच्या बिया कुंडींत. आम्ही स्वतः डाळिंब खातों, पण अर्धें, आणि दाणे चावून. त्यास पाव तास लागतो व तेवढ्या वेळांत वर्तमानपत्र वाचून होतें. फाल्गुनांतल्या तपासणींत आंकडा ७.३ वर आला.

एक गोष्ट यंत्र विकणारे सांगत नाहींत, ती गृहिणींस सांगणें अवश्य आहे. यंत्राची गाळणी वापरल्याबरोबर ब्रशानें घासून धुवावी लागते. दहा मिनिटें गेलीं तरी तंतू जाळींत वाळून चिकटतात, आणि मग त्यांपुढें मनुष्याचा निरुपाय होतो. आमच्या घरीं रस पिणारे चार आणि यंत्र धुणारी एक, असें तीन महिने चाललें होतें. सूनबाई आठ वाजतां कामावर जाण्याच्या घाईंत असत, आणि आम्ही तृप्त होऊन आरामखुर्चींत. हल्लीं गाळणी आम्ही धुतों. ज्यास हें धुणें झेपणार नाहीं त्यानें सोळा हजार रुपये वांचवावे व फळें चावून खावीं.

संक्रांतीचें सांगावयाचें राहिलें. सिद्धेश्वरांची यात्रा भरली होती, नंदीध्वज निघाले होते, आणि घरीं सुगडांची पूजा झाली. सुगडांत बोरें, हरभरे, गाजराचे तुकडे व उंसाचीं करवीं. अक्कांनीं त्यांतलें एक करवें हातांत घेतलें, नाकाशीं नेलें, आणि परत ठेविलें. आमचा नातू म्हणाला, "अक्काआजी, थांब, मी काढून देतों." ऊंस घालूं नये असें पत्रकांत स्पष्ट लिहिलेलें, वाचकांनींहि आमचें अनुकरण करूं नये. पहिलेंच करवें आंत अडकलें, यंत्र कुरकुरून बंद पडलें, आणि उलट फिरविण्याची कळ दाबून तें सोडवावें लागलें. मग त्यानें पेर सोललें, गांठी टाकून दिल्या, हरभऱ्याएवढे तुकडे केले, आणि एक एक करून सोडूं लागला. अर्ध्या तासांत जेमतेम पळीभर रस जमला.

अक्कांनीं तो तीन घोटांत घेतला. डोळे मिटून जीभ टाळ्यास लावून बसल्या. आम्हीं विचारलें, "कसा आहे?"

"रस गोड आहे रे," त्या म्हणाल्या, "पण चिपाड कुठें आहे? चिपाड थुंकल्याशिवाय ऊंस खाल्ल्यासारखा वाटत नाहीं."

सूनबाई उठल्या, आणि यंत्राच्या तोंडाशीं सांचलेला चोथा बशींत घेऊन आल्या.